पडलेला बांध

कापूरहोळच्या थांब्यावर शेजारी बसलेल्या दोघींचं बोलणं ऐकता ऐकता शेफाली मोबाईल बघायचं विसरूनच गेली.

"बाळाबाई, बापलेकाचा अबोला मोडायला समुपदेशनाला गेलात, आन् म्याडमनी दगड उचलाय लावले?"

"व्हय. म्हणल्या, हितं खुर्चीत बसून ह्ये दोघं बोलायचे न्हाईत. शेतातला पडलेला बांध मिळून रचा."

"मग बोलले?"

"आधी न्हाईच. मग एक धोंडा घसरला, तसं पोरगं ओरडलं, 'आबा, हात काढा!' वरसानं हाक मारली बापाला. मालक तिथंच मटकन बसून रडले."

"बरं झालं बाई! आता बांध पुरा झाला असंल?"

"झाला हुता. आज सकाळी म्याच पहार घालून थोडा पाडलाय."