ताफ्याचं शेवटचं पान

पोलीस ठाणे, वेस्ट विंडसर, न्यू जर्सी. दिनांक १० ऑक्टोबर २०२५, सकाळी साडेदहा वाजता.

नाव राधिका सत्यजित वझलवार, वय ४१ वर्षे, धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंग, १२ ऑगस्टपासून काही नाही. राहणार वेस्ट विंडसर, उद्या दुपारच्या फ्लाइटपर्यंत. मूळ राहणार नागपूर.

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, मला इंग्रजी उत्तम येतं. अठरा वर्षं मीटिंगांमध्ये त्याच भाषेत भांडले आहे. पण हा जबाब मराठीत देणार असा हट्ट मीच धरला, म्हणून ऑफिसरसाहेबांनी दुभाषी हिमानी हिला बोलावलं. मी बोलते तसं ती लिहून घेते आहे.

माझी नोकरी गेली. व्हिसाच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत देश सोडायचा असतो, ते उद्या संपतात. घरातलं सगळं वाटून टाकलं. एक वही तेवढी हँडबॅगमध्ये न्यायची होती. शंभरपानी, खाकी कव्हरची. तिच्यात मी आणि माझा धाकटा भाऊ ऋषी यांनी १९९६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत काढलेलं चित्रकथेचं पुस्तक आहे. नाव ‘ताफा निघाला’.

मजकूर असा की, एका ग्रहाचा सूर्य विझतो आणि तिथली माणसं सदतीस यानं घेऊन नवं घर शोधत फिरतात. गोष्ट ऋषी सांगायचा, चित्रं माझी. मला तेव्हा प्रेशर कुकर सोडून काही धड काढता यायचं नाही, त्यामुळे सगळी यानं कुकरसारखी आहेत. तीन शिट्ट्या झाल्या की ताफा हलतो. एक यान नुसतं बकऱ्यांचं, कारण ऋषी अडूनच बसला होता. दुपारभर आम्ही कूलरसमोर पालथे पडून काढायचो. त्या ओल्या वाळ्याचा वास अजून वहीला येतो असं मला वाटतं. नवरा म्हणतो, येत नाही. त्याला काय कळतंय!

शेवटच्या पानावरून आमचं भांडण झालं. ऋषी म्हणाला, ताफा उतरतो. मी म्हटलं, असं कुणी कुणाला उतरू देत नाही. मग शपथ घेतली की दोघं समोरासमोर बसल्याशिवाय ते पान काढायचं नाही. शाळा सुरू झाली, पुढे कॉलेज, पुढे मी इकडे आले. दर फोनला तो चिडवायचा, “काय गं ताई, पोचले का तुझे कुकर?” पान कोरंच राहिलं.

ऋषी एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात वारला. तेव्हा कोविडमुळे व्हिसाचं काम बंद होतं, गेले असते तर परत येता आलं नसतं. मी गेले नाही. त्याबद्दल आणखी काही सांगायचं नाही.

रविवारी, ५ तारखेला, सुट्टीच्या सोयीनं आमच्या मंडळाचा दसरा शाळेच्या हॉलमध्ये झाला. सरस्वतीपूजनाला सगळ्यांनी पुस्तकं-वह्या मांडल्या, मी ही वही मांडली. पूजेतली वही दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायची नसते. पण हॉल पाच वाजता रिकामा करून द्यायचा होता. म्हणून मंडळाचे देवदत्त यांनी ढीग खोक्यात भरून घरी नेला आणि सोमवारी घरोघर वाटला. माझी वही आली नाही. विचारलं तर म्हणाले, “आय डोन्ट नो यार, कुणी तरी नेली असेल.” मंगळवारी मी इथे येऊन वही चोरीला गेल्याची तक्रार दिली. वहीसाठी पोलिसात जातात का, असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे.

बुधवारी देवदत्तांना आठवलं. आमच्या पलीकडच्या गल्लीत प्रतिमाकाकू राहतात, वय ७४, मुलाकडे आल्या आहेत. त्या वह्यांमध्ये रामनामाचा जप लिहितात आणि दसऱ्याला ती वही पूजेला ठेवतात. तिचंही कव्हर खाकी. हळदकुंकू लावलेल्या, वर नाव नसलेल्या दोन खाकी वह्या बघून देवदत्तांनी दोन्ही त्यांच्याकडे टाकल्या. मी धावत गेले. वही मिळाली, उघडली. शेवटचं पान वरपासून खालपर्यंत ‘श्रीराम जय राम जय जय राम’ असं निळ्या शाईनं भरलेलं होतं.

माझं डोकं फिरलं. एक अक्षर न बोलता मी तशीच इथे आले आणि काकूंचं नाव तक्रारीत घातलं. काल दुपारी आपले ऑफिसर त्यांच्या घरी गेले. ते सभ्यपणे बोलले, पण काकूंना इंग्रजी येत नाही आणि मुलगाही व्हिसावर आहे. काकू जेवल्या नाहीत, असं मुलगा मला फोनवर म्हणाला. काल संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले ते आणखी चार शब्द सुनावायलाच गेले होते, हे कबूल करते.

काकू म्हणाल्या, “अगं, माझी नव्हे ते मला पहिल्याच पानाला कळलं. पण सोडवेना. सबंध वाचली बाई. एवढी माणसं, लेकरंबाळं, बकऱ्यासुद्धा, सगळी अधांतरी. आणि पुढे बघते तर पान कोरं! रात्रभर डोळा लागला नाही. आपल्या हातात दुसरं काय आहे? म्हणून त्यांच्यासाठी बसून जप लिहिला. पोचू देत गं, म्हटलं.”

मी त्यांच्या सोफ्यावर बसून रडले. ऋषी गेल्यापासून पहिल्यांदा. थोड्या वेळानं काकूंनी वरणभात कालवून आणला, आणि आम्ही दोघी जेवलो.

सबब प्रतिमाकाकूंविरुद्ध माझी काही तक्रार नाही. देवदत्तांविरुद्धही नाही. वही माझ्या ताब्यात आहे, आणि ते पान आहे तसंच राहील. ऋषी म्हणत होता ते उतरतात, मी नाही म्हणत होते. तरी मी या जबाबात लिहून देते की ताफा उतरला. माणसं, बकऱ्या, सगळे सुखरूप.

हिमानीनं हा जबाब मला मराठीतून वाचून दाखवला. मध्ये एके ठिकाणी ती थांबली, तेव्हा मीच तिला पुढे वाच म्हटलं. मी सांगितलं तेच यात आहे, ते खरं आहे, म्हणून खाली सही करते.

(सही)