संकासुराची टोपी

लांजा गाडीच्या रांगेत सुनेत्राबाईंच्या पुढे कोकणातल्या नमनाच्या खेळात नाचणारे म्हातारे रावजी आणि शिमग्याला मुंबईहून आलेला त्यांचा नातू रितेश उभे होते. मराठी शिकवणाऱ्या बाईंचे कान गोष्टीचा विषय निघताच टवकारले.

"आजोबा, आमच्या लेखनाच्या क्लासमध्ये शिकवतात, नायक घर सोडतो, त्याला गुरू भेटतो, तो राक्षसाला मारतो आणि शहाणा होऊन परत येतो. सगळ्या गोष्टी अशाच."

"बरोबर हाय."

"मग यंदा नमनात मला कृष्ण द्या. संकासुर नको. राक्षस कोण होणार?"

"चाळीस वर्सं मी झालो. आता गुडघे ऐकत नायत."

"पण तो कृष्णाकडून हरतोच ना?"

"दर साली हरतो. आन् लोकं पाया कुनाच्या पडतात?"

"संकासुराच्या."

"तुज्या आयशीला पाच वर्सं मूल नव्हतं. तिनं नवस संकासुराला केला. काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, आन् आत मी."

"आईला ठाऊक होतं, आत तुम्ही आहात?"

"तर! घरात माज्यासमोर बसायची नाय. त्या दिवशी पायावर डोकं ठेवून रडली. म्हनाली, देवा, मामंजींना नातू दाखव."

"तुम्ही काय बोललात?"

"मी? टोपी डोक्यावर चढली का मी कुठं असतो?"

"...आता कुठाय ती टोपी?"

"तुज्या हातातल्या पिशवीत. नवं कापड लावून घेतलंय."

बोटाला लटकवलेली पिशवी रितेशनं दोन्ही हातांनी छातीशी धरली.

गाडी लागली. चढायला निघालेल्या सुनेत्राबाईंच्या तळव्यांना तापलेली फरशी चटकली. चपला कधी काढल्या, ते त्यांना आठवेना.