दीडपट ताकद

बसमध्ये माझ्यापुढच्या बाकावर खाणीतून निवृत्त झालेले एक मुकादम आणि खाणकाम शिकणारी त्यांची नात बसली होती.

"आजोबा, खाण दोनशे मीटर खोल, म्हणजे वरच्या खडकाचा दाब पाच मेगापास्कल."

"बरं."

"साठ टक्के कोळसा काढला, तर छताखाली सोडलेल्या खांबांवर साडेबारा येतो. खांब चौदा पेलतात."

"पेलतात ना, मग झालं!"

"जेमतेम! निदान दीडपट ताकद हवी. मी वही मॅनेजरसाहेबांपुढे ठेवली."

"शिकाऊ पोरीनं?"

"हो. त्यांनी स्वतः गणित पुन्हा केलं आणि काम थांबवलं."

"खाली माणसं किती होती?"

"बेचाळीस."

"आम्ही खांबाला कान लावून अंदाज बांधायचो गं. कधी कधी चुकायचा."

"आजोबा, उठलात का? स्टॉप लांब आहे अजून."

"खिडकीशी तू बस."