दहावा माणूस

सुलतान बाजारच्या थांब्यावर माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची पुतणी मलकपेठच्या बसची वाट पाहत होते. गृहस्थांच्या पिशवीत नारळ आणि पोहे होते.

“काका, तुमच्या शाळेच्या बाई यहुदी होत्या ना? तिथे आपण गेलेलं चालतं?”

“चाळीस वर्षं त्यांच्याकडचा नारळ-पोह्यांचा मलिदा खातोय, आणि तू आज विचारतेस. बाईंचे आजोबा कोकणातून रेल्वेच्या नोकरीला इथे आले. जामबागेत स्वतःच्या ओसरीवर मराठी शाळा काढली. कोणाची जात विचारली नाही.”

“आणि सुट्टी शनिवारी.”

“हौ. रविवारी आम्ही पाढे म्हणायचो, गल्लीतली पोरं खिडकीतून चिडवायची.”

“मग चेहरा का उतरलाय?”

“आज बाईंना जाऊन महिना झाला, मलकपेठला त्यांच्या भावाकडे प्रार्थना आहे. त्यांच्यातले दहा पुरुष जमले नाहीत, तर मृतासाठीची प्रार्थना म्हणता येत नाही. नऊच आहेत. मी म्हटलं, दहावा मी. त्यांचा भाऊ म्हणाला, हिम्मतराव, तुम्ही घरचेच, पण मोजता येणार नाही.”

“थांबा. आमच्या ऑफिसात रूबेन पेणकर आहे. शनिवारी लॅपटॉप उघडत नाही म्हणून मॅनेजर परेशान असतो.”

“मग फोन लाव की.”

तिने लावला.

“विचारतोय, कोणासाठी?”

“जामबागेच्या नवगावकर बाईंसाठी, सांग.”

“येतो म्हणतोय. काय आणू विचारतोय.”

“काही नको म्हणावं. नारळ मी घेतलेत. त्याने नऊ जणांच्या शेजारी उभं राहावं, बस्स.”