हौशाचा रंग

अर्जुनराव : डॉक्टरीणबाई, पडद्याआडून इचारतो म्हणून राग मानू नका. पर लई येळ त्ये मशीन फिरवताय तुमी. काय दिसतंय?

डॉ. मिनल : चांगलंच दिसतंय काका. छातीत काही नाही. काखेतल्या गाठीचं तेवढं कोडं आहे.

अर्जुनराव : काल त्या फोटूत पांढरं ठिपकं हाईत म्हनला, तवापासून हिनं मला डाळ शिजवायला शिकीवलंय.

कौशल्याबाई : मग काय करू? मी गेल्याव सुनंच्या तोंडाकडं बघत बसाल. कुकरच्या शिट्ट्या तरी मोजता याव्यात.

अर्जुनराव : ऐकलंत? कुरुळीपासनं चाकणपातुर गाडीत हेच चाललं व्हतं.

डॉ. मिनल : मावशी, हसू नका, अंग हलतंय. इकडे स्क्रीनवर बघा. गाठ घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट आहे. कड पातळ, मधोमध पांढरी चरबी. चांगली गाठ अशीच असते. कॅन्सर शिरला की ती बहुतेकदा फुगून गोल होते, कड जाड होते आणि मधलं पांढरं दिसेनासं होतं.

कौशल्याबाई : म्हंजी माजी चांगली.

डॉ. मिनल : सोनोग्राफीत चांगली. पण कालच्या मॅमोग्राफीत तिच्यात ठिपके आहेत, ते कुठून आले कळत नाही. कारण सापडलं नाही तर सुई घालून तपासावं लागेल. मावशी, अंगावर कुठे टॅटू आहे?

अर्जुनराव : न्हाई. आमच्या घरात ती थेरं चालत न्हाईत. नातवानं, कुलदीपनं, मनगटाव इंचू काढून आनला, तर आठ दिस बोललो न्हाई मी त्याच्यासंगं.

डॉ. मिनल : काका, मी मावशींना विचारतेय.

कौशल्याबाई : कपाळाव गोंदण हाय की. आईनं गोंदवल्यालं.

डॉ. मिनल : ते काजळीचं, ते असं दिसत नाही. हल्ली मशीनने रंगीत टॅटू काढतात ना, त्यातला रंग कधीकधी काखेच्या गाठीत उतरतो आणि फोटोत ठिपके दिसतात. आणि मावशी, डाव्या खांद्यावरचा तो पदर तुम्ही सोडतच नाही. मघापासून बघतेय.

कौशल्याबाई : गार वाजतंय.

डॉ. मिनल : एसी बंद आहे.

कौशल्याबाई : सुई लई मोठी आसती का?

डॉ. मिनल : फार नाही. पण विनाकारण कशाला टोचून घ्यायची?

कौशल्याबाई : अहो.

अर्जुनराव : हं.

कौशल्याबाई : भाईर जाऊन च्या पिऊन या जरा.

अर्जुनराव : दोन झालं. काय आसंल ते बोल, कौशल्ये. माजा जीव टांगणीला लावू नगंस.

कौशल्याबाई : दोन सालामागं मी रुक्मिणीबाईसंगं देहूरोडला लग्नाला गेलते न्हवं?

अर्जुनराव : व्हय. येताना रिक्षा बंद पडली तुमची.

कौशल्याबाई : रिक्षा कशाची बंद पडतीय. कार्यालयाशेजारी ते दुकान व्हतं. रुक्मिणी म्हनली, बसायचं का? तिनं फुलपाखरू काढलं.

अर्जुनराव : कोन रुक्मिणीबाई? भजनी मंडळाच्या?

कौशल्याबाई : त्याच. कुटं काढलं ते मी सांगायची न्हाई.

डॉ. मिनल : थांबा मावशी. आता माझाच हात हलतोय.

अर्जुनराव : म्हनून तू तवापासनं कोपरापातुर बाह्या शिवून घेती. मी म्हनलं वय झालं, थंडी बाधत आसंल. आन तू काय काढलंस? माजं नाव?

कौशल्याबाई : न्हाई.

अर्जुनराव : मग कुनाचं?

कौशल्याबाई : या आत. बघा.

(कौशल्याबाई खांद्यावरचा पदर बाजूला करतात. अर्जुनराव खिशात चष्मा शोधतात; तो डोळ्यांवरच असतो.)

अर्जुनराव : ह्यो तर हौशा.

डॉ. मिनल : हौशा कोण?

कौशल्याबाई : आमचा बैल. बैलगाड्याच्या शर्यतीला घाटात, त्या चढाच्या धावपट्टीव, पळायचा. कपाळाला गुलाल, अंगाव हिरवी झूल. त्यो गेला आन ह्यांनी गोठ्याकडं जायाचंच सोडलं. घरात त्याचं नाव काढायची सोय न्हाई. म्हनलं, नाव नगं तर नगं, चित्र तरी आसू दे.

अर्जुनराव : शिंग चुकलंय. डावं आत वळल्यालं व्हतं.

कौशल्याबाई : मोबाइलातल्या फोटूत तेवढंच दिसत व्हतं.

अर्जुनराव : डोळा मातर त्योच हाय.

डॉ. मिनल : काका, एवढे रंग, तेही डाव्या खांद्यावर, आणि गाठही डावीकडचीच. कारण सापडलं. सुई नको. सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा, बस्स.

कौशल्याबाई : म्हंजी मी मरत न्हाई.

डॉ. मिनल : याने तरी नाही.

कौशल्याबाई : मग चला, उठा. जाताना मिसळ खाऊ. आज डाळ शिजवायची न्हाई कुनी.

अर्जुनराव : थांब जरा. बाई, म्हंजी हौशाचा रंग हिच्या आत उतरलाय?

डॉ. मिनल : थोडासा. गाठीत जाऊन बसलाय. त्याचा त्रास काही नाही, काढायचीही गरज नाही.

अर्जुनराव : नगा काढू. बसू द्या त्याला तितं.