मिटल्या डोळ्यांनी पाहिलेल्या बातम्या

डोळ्यांच्या दवाखान्यात आजी आपल्या पाळीची वाट पाहत ताठ बसल्या होत्या. शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत नुकतेच थेंब घातले होते. त्यांनी डोळे घट्ट मिटून नणंदेचा हात धरला होता. भिंतीवरच्या टीव्हीवर सकाळच्या बातम्यांचं संगीत वाजलं आणि आजींचे कान टवकारले.

“वहिनी, आली! आपली पोर आली!”

“आजच नेमके हे थेंब! ताई, एक डोळा किंचित उघडू का?”

“खबरदार! परत घालतील. ज्या बाईंना ती रोज बातम्या लिहून देते ना, त्यांच्याच खुर्चीत बसलीय.”

“घाबरलीय का?”

“छे! निळी साडी काय खुलून दिसतेय... अगं बाई!”

“आवाज का थांबला?”

“समोरच्या पडद्यावरची वाचायची अक्षरं अडली वाटतं. नुसती बघतेय. तो शेजारचा निवेदक तोंड उघडतोय.”

“त्याला बोलू देऊ नकोस गं बाळे! तूच लिहिलंयस ना सगळं? बोल की!”

“वहिनी, हळू! लोक बघतायत.”

“बघू देत. मला तेवढंही जमत नाहीये.”

“बोलली! कागदाला हात न लावता बोलतेय! त्याने तोंड मिटलं बघा!”

“गप्प बसा हो ताई, ऐकू द्या.”

तेवढ्यात आतलं दार उघडून दवाखान्यातला मदतनीस पोरगा डोकावला.

“आजी, चला, डॉक्टर बोलावतायत.”

“त्यांना म्हणावं, बातम्या संपू द्या,” आजींनी बसल्या जागेवरून फर्मावलं, “आणि आधी तो आवाज मोठा कर.”