बारावं गाणं

हसू नका, मला याची अजून लाज वाटते. बहात्तरच्या दुष्काळाआधी जामखेडला माझा लाऊडस्पीकरचा धंदा होता. एका लग्नाला लावणी गाणाऱ्या सगुणाबाई पाहुण्या म्हणून आल्या, तर मी मुद्दाम त्यांच्याच गाजलेल्या गाण्यांची नवी रेकॉर्ड लावली. अकरा गाणी झकास वाजली. बाराव्याला आवाज फाटायला लागला, तशी मी सुई उचलली आणि माईकवर सांगितलं, "मंडळी, माफ करा, रेकॉर्ड खराब निघाली."

सगुणाबाई उठून माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "रेकॉर्ड चांगली हाय, बाळा. बाकीची गाणी जुनी हायेत, हे एकच म्या औंदा गायलंय."

मी मान खाली घातली, तर समोर माईक चालूच होता.